कुणब्याच्या घरांतील कर्ज

ऋण काढून सण करूं नये, ही शिकवण मराठी घरांत लहानपणापासून कानांवर पडते. तींत शहाणपण आहे यांत शंका नाहीं. परंतु या शिकवणीच्या पोटांत एक निवाडाही दडलेला असतो. तो असा कीं, ज्याच्या डोक्यावर ऋण आहे त्यानें बहुधा सण केला असावा. कर्जबाजारी कुटुंबाकडे पाहतांना शेजारीपाजारी, सोयरेधायरे आणि सरकारी अंमलदार हे सर्व या निवाड्यापासूनच आरंभ करतात. मुलीच्या लग्नांत उधळपट्टी केली, अंथरूण पाहून पाय पसरले नाहींत, आतां भोगा, असा त्यांचा सूर असतो. हा निवाडा कितपत खरा आहे, हें पडताळून पाहण्याची एक चांगली संधि आपल्याच प्रांताच्या इतिहासानें दिली आहे. १८७५ सालीं पुणें व नगर या जिल्ह्यांत शेतकऱ्यांनीं सावकारांविरुद्ध जो दंगा केला, त्याच्या चौकशीच्या निमित्तानें सामान्य कुणबी कुटुंबांचीं कर्जें तपशीलवार मोजलीं गेलीं. तें कर्ज कशापायीं झालें, तें वाढलें कसें आणि हलकें करण्यासाठीं काय उपाय योजले गेले, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम त्या दंग्याची हकीकत थोडक्यांत सांगितली पाहिजे. १२ मे १८७५ रोजीं त्या वेळच्या भीमथडी तालुक्यांतील सुपें या बाजाराच्या गांवीं आसपासच्या खेड्यांतील शेतकरी जमले व त्यांनीं गुजर आणि मारवाडी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली. धान्य व कापड लुटलें गेलें, कोठें कोठें घरांना आगीही लागल्या. तेथून हें लोण पुणें जिल्ह्यांतील इतर तालुक्यांत आणि नगर जिल्ह्यांत पारनेर, श्रीगोंदें, कर्जत वगैरे भागांत पसरलें, आणि कांहीं आठवड्यांत तीसांहून अधिक गांवीं असे प्रकार घडले. साडेनऊशेंच्या आसपास माणसें पकडलीं गेलीं; त्यांपैकीं निम्म्यांहून थोडीं अधिक दोषी ठरलीं. हे आकडे लहान नव्हेत. तथापि या दंग्याचें खरें वैशिष्ट्य त्याच्या विस्तारांत नाहीं. दंगेखोरांचा डोळा जिवावर नव्हता, आणि बहुतेक ठिकाणीं मालावरही नव्हता. तो कागदांवर होता. सावकारानें खतें, रोखे आणि हुकूमनामे निमूटपणें काढून दिले, तर लोक ते फाडून किंवा जाळून परत जात. ज्यानें देण्याचें नाकारलें, त्याच्यावर बळजबरी होई. भुकेलेला जमाव धान्याचें कोठार फोडतो, हें समजण्यासारखें आहे. पण ज्यांतील बहुतेकांना अक्षरओळखही नव्हती, अशा जमावानें कागद शोधीत फिरावें, याला कांहीं विशेष कारण असलें पाहिजे. तें कारण समजण्यासाठीं आणखी अर्धें शतक मागें गेलें पाहिजे.

कुणब्याचें कर्ज हें इंग्रजी अमलाचें अपत्य नव्हे. पेशवाईंतही सावकार होता, व्याज होतें, आणि सारा भरण्यासाठीं कर्ज काढण्याची रीतही होती. पण त्या काळीं सावकार व कूळ हे एकमेकांना बांधलेले असत. सावकाराला न्यायाधीशाचा शिपाई मिळत नसे. त्यानें फार तर तगादा लावावा, कुळाच्या दारांत धरणें धरून बसावें, नाहीं तर पंचायतीकडे जावें. १८१८ सालीं राज्य गेल्यानंतर एल्फिन्स्टन यांनीं जो अहवाल लिहिला, त्यांत या तगाद्याच्या नाना तऱ्हा वर्णिल्या आहेत. त्या वाचल्या म्हणजे जुनी व्यवस्था सौम्य होती असें म्हणण्याचा मोह आवरतो. परंतु पंचायतींत बसणारे लोक गांवचेच असत, या सालीं पीक बुडालें कीं नाहीं हें त्यांना पुसावें लागत नसे, आणि दामदुपटीचा नियम त्यांच्या अंगवळणीं पडलेला असे. मुद्दलाइतकें व्याज चढलें म्हणजे तेथें व्याज थांबावें, दिल्या पैशाच्या दुपटीहून अधिक एका वेळीं मागतां येऊं नये, हा तो नियम. धर्मशास्त्रांत त्याला आधार होता, आणि व्यवहारांत त्याचा अर्थ असा होता कीं, कर्ज कितीही जुनें झालें तरी त्याला कोठें तरी शेवट होता. शिवाय सावकाराचें हित कूळ जिवंत राहण्यांत होतें. बैल विकून, नांगर मोडून कुणबी देशोधडीला लागला, तर पुढल्या सुगीला वसुली कोणाकडून करावयाची?

इंग्रजी अमलांत ही गांठ सैल झाली, आणि ती ज्या कायद्यांनीं झाली त्यांतले कांहीं तर ऋणकोच्या हितबुद्धीनेंच केलेले होते. १८३६ पासून गोल्डस्मिड व विंगेट यांनीं इंदापूर तालुक्यांतून नव्या पाहणीस आरंभ केला. सारा तीस वर्षांसाठीं ठरला, आणि तो पूर्वींपेक्षां हलका होता. पडीक जमिनी लागवडीस आल्या. पण जमिनीला किंमत आली तशी ती तारण म्हणूनही पत्करण्याजोगी झाली. ज्या कुणब्याला पूर्वीं कोणी दहा रुपये दिले नसते, त्याला आतां पन्नास मिळूं लागले. सारा मात्र रोख पैशांत आणि ठरल्या तारखेला भरावा लागे, मग धान्याचा भाव त्या महिन्यांत काय असेल तो असो. १८२७ च्या मुंबईच्या कायद्यानें अदालतींत शेंकडा बारांहून अधिक व्याज मिळत नसे. १८५५ सालीं ही मर्यादा उठली. पूर्वीं दाव्याला बारा वर्षांची मुदत असे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या, नोंदणी न केलेल्या खताची मुदत तीन वर्षांवर आणली. जुन्या, विसरलेल्या कागदांच्या आधारें लोकांना कोणी नाडूं नये, असा त्यांतला हेतु होता. झालें भलतेंच. दर तीन वर्षांनीं दावा करावा किंवा नवें खत लिहून घ्यावें, याशिवाय सावकारास गत्यंतर उरलें नाहीं. आणि नवें खत लिहितांना मागचें व्याज मुद्दलांत मिळविलें जाई.

याचा परिणाम काय होतो, तो एका कल्पित उदाहरणानें स्पष्ट होईल. एका कुटुंबानें शंभर रुपये दरमहा शेंकडा दोन या दरानें घेतले, आणि त्यांतलें कांहींच फिटलें नाहीं, असें धरूं. तीन वर्षांत व्याज बहात्तर रुपये झालें. नवें खत एकशें बहात्तरांचें लिहिलें गेलें. आणखी तीन वर्षांनीं तें २९५ रुपये १३ आण्यांच्या घरांत गेलें. नववें वर्ष संपतांना ती रक्कम पांचशें आठ रुपयांच्या पलीकडे गेलेली असते. मूळ खतच कायम असतें, तर दामदुपटीच्या नियमानें दोनशेंच्या वर मागतां आलें नसतें. हा नियम मुंबई इलाख्याच्या अदालतींनीं हिंदु ऋणकोंपुरता पुढेंही मानला. पण नव्या खतांत घातलेलें व्याज हें मुद्दलच झालें, असें ठरल्यामुळें तो बोलाचा भात, बोलाची कढी होऊन बसला. म्हणजे या नऊ वर्षांत कुटुंबानें एकही सण केला नाहीं, एक पैही नवी घेतली नाहीं, तरी कर्ज पांचपट झालें. तें वाढविणारी गोष्ट घरांत नव्हती. ती खताच्या तारखेंत होती.

दाव्याची गोष्ट याहून वाईट. १८५९ च्याच दिवाणी व्यवहाराच्या कायद्याप्रमाणें अदालत खत पाही, त्यावरची निशाणी पाही आणि निकाल देई. कुणबी बहुधा हजरच होत नसे. तालुक्याच्या गांवीं जाण्याचा खर्च, वकिलाची फी, आणि निरक्षराला वाटणारी कागदाची भीति यांपुढें त्याचें कांहीं चालत नसे. मग हुकूमनामा एकतर्फी होई. त्याच्या बजावणींत गुरेंढोरें व जमीन जप्त होई, आणि देणें न फिटल्यास ऋणकोला तुरुंगांतही घालतां येई. तुरुंगाच्या भीतीनें मोठ्या रकमेचें नवें खत लिहून देणारीं कुळें पुष्कळ होतीं. बापाचें कर्ज मुलानें फेडणें हा तर धर्मच मानला गेला होता. १८६६ सालीं मुंबई सरकारला कायदाच करावा लागला कीं, वारसाची जबाबदारी त्याला मिळालेल्या मिळकतीपुरतीच असावी. विंगेट यांनीं १८५२ सालींच सरकारला कळविलें होतें कीं, धनको व ऋणको यांच्यांतील ही ओढाताण दोघांनाही हीन करणारी आहे. ज्या अधिकाऱ्यानें नवी पाहणी उभी केली त्याचेंच हें मत असल्यामुळें त्याला वजन आहे.

अशा स्थितींत १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध सुरू झालें, आणि त्याचे धक्के दक्षिणेंतल्या खेड्यांना बसले. अमेरिकेचा कापूस अडल्यामुळें इंग्लंडच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे वळल्या. मुंबई इलाख्यांत कापसाखालची जमीन १८६० ते १८६४ या अवघ्या चार वर्षांत दुपटीच्या जवळ गेली. मुंबईचा पैसा सावकारांमार्फत खेड्यांत उतरूं लागला. पुणें-मुंबई लोहमार्गाच्या कामावर मजुरी मिळे, गाड्या भाड्यानें लागत, धान्याचे भाव चढे होते. पुणें व नगर हे कांहीं कापसाचे मुख्य जिल्हे नव्हेत, तरी चढत्या भावांचा वारा तेथेंही लागला, आणि पूर्वीं मागून न मिळणारें कर्ज घरीं चालून येऊं लागलें. १८६५ सालीं युद्ध संपलें आणि हा डोलारा कोसळला. भाव उतरले, मजुरी आटली. त्याच सुमारास तीस वर्षांची पाहणीची मुदत संपल्यामुळें १८६७ पासून इंदापूरपासूनच साऱ्याची फेरआकारणी सुरू झाली. ती तेजीच्या भावांकडे पाहून केलेली होती. सारा निम्म्यानें वाढला, कांहीं गांवीं तर दुप्पट झाला. अखेर १८७४ सालीं सरकारलाच मर्यादा घालावी लागली कीं, वाढ तालुक्याला शेंकडा तेहेतीस, एका गांवाला सहासष्ट आणि एका खातेदाराला शंभर यांहून अधिक नसावी. या मर्यादेवरूनच पूर्वींची वाढ किती झाली असेल याची कल्पना यावी.

सावकाराचीही या वेळीं तारांबळ उडाली होती, हें न्यायबुद्धीनें सांगितलें पाहिजे. खेड्यांतला लहान सावकार स्वतःच्या भांडवलावर क्वचितच व्यवहार करी. त्यालाही मोठ्या पेढीचें देणें असे, आणि मुंबईचा ओघ आटल्यावर त्याच्याकडेही तगादा आला. त्यानें हात आखडला. नवें कर्ज देण्याचें, विशेषतः साऱ्यासाठीं रोकड देण्याचें, तो नाकारूं लागला, आणि जुन्या खतांवर दावे करूं लागला. तेजींत काढलेलें कर्ज मंदींत फेडावयाचें, आणि ज्याच्या भरंवशावर वर्ष काढावयाचें त्यानें नेमका त्याच वर्षीं दरवाजा लावून घ्यावयाचा, असा हा दुहेरी पेंच होता.

१८७४ च्या डिसेंबरांत शिरूर तालुक्यांतील करडें गांवीं ठिणगी पडली. काळूराम नांवाच्या मारवाडी सावकारानें बाबासाहेब देशमुख यांच्यावर दीडशें रुपयांचा हुकूमनामा मिळवून त्यांचें घर लिलांवांत घेतलें आणि तें पाडण्यास आरंभ केला. देशमुख गांवचे मोठे मानकरी होते. गांवानें हात उगारला नाहीं. त्यांनीं सावकारांवर बहिष्कार घातला. शेत कसावयाचें नाहीं, पाणी भरावयाचें नाहीं, हजामत करावयाची नाहीं. आसपासच्या गांवांनीं तोच मार्ग धरला, आणि मे महिन्यांत सुप्यास त्याचें रूपांतर दंग्यांत झालें. आतां कागद कां जाळले गेले याचा उलगडा होतो. ज्या पंचायतीला वस्तुस्थिति ठाऊक होती ती गेली होती, आणि जी अदालत आली होती ती फक्त कागद वाचीत होती. तेव्हां कागदच नाहींसा करावा, असा त्या लोकांचा हिशेब होता. तो हिशेब बेकायदेशीर होता, पण अडाणीपणाचा नव्हता.

दंग्याच्या चौकशीसाठीं सरकारनें मंडळ नेमलें, आणि त्याचा अहवाल १८७६ सालीं तयार झाला. मंडळानें नगर जिल्ह्यांतील बारा गांवांची तपासणी करून असें अनुमान काढलें कीं, सरकारी जमीन कसणाऱ्यांपैकीं सुमारें एकतृतीयांश लोक कर्जांत बुडालेले आहेत. त्यांचें कर्ज सरासरीनें त्यांच्या साऱ्याच्या अठरापट आहे. आणि त्यांतील जवळ जवळ दोनतृतीयांश जमिनीच्या गहाणावर आहे. या आकड्यांपेक्षांही महत्त्वाचें आहे तें कर्जाच्या कारणांविषयींचें मत. कुणबी लग्नकार्यांत पैसा उधळतो म्हणून तो कर्जबाजारी होतो, ही समजूत त्या वेळच्या अधिकाऱ्यांतही पसरलेली होती. मंडळानें तिची छाननी केली. लग्नाचा खर्च कुणब्याच्या ऐपतीच्या मानानें मोठा असतो, हें त्यानें नाकारलें नाहीं. पण या कारणाला वाजवीपेक्षां फाजील महत्त्व दिलें गेलें आहे, आणि लग्न हें कर्जाचें बीज क्वचितच असतें, असा निर्णय दिला. पोटासाठीं धान्य, पेरणीसाठीं बीं, मेलेल्या बैलाच्या जागीं दुसरा बैल, सरकारचा सारा, या पुनःपुन्हा येणाऱ्या लहान रकमांनीं कर्जाचा डोंगर होतो, कधीं तरी येणाऱ्या एखाद्या लग्नानें तितका होत नाहीं, असें मंडळाचें म्हणणें होतें. मंडळाचे एक सभासद ऑकलंड कॉल्व्हिन यांनीं तर साऱ्याच्या वाढीवर वेगळें टिपण लिहून सरकारच्या धोरणावरच बोट ठेवलें.

हा निर्णय घरच्या संसाराकडे पाहून पारखावा. देशावरच्या कोरडवाहू शेताचें उत्पन्न वर्षांतून एकदां, फार तर दोनदां येतें. खर्च मात्र बाराही महिने चालू असतो. मीठ, तेल, लुगडें, घोंगडी यांना सुगीची वाट पाहतां येत नाहीं. मृगाच्या तोंडावर घरांतलें धान्य सरत आलेलें असतें, आणि बीं मात्र त्याच वेळीं लागतें. तेव्हां महाग भावाचें धान्य उसनें आणावें आणि सुगीला, भाव पडलेले असतांना, तें सवाईनें किंवा दिढीनें फेडावें, असा क्रम बसतो. चांगल्या सालींही हें चुकत नाहीं. वाईट सालीं फेड होत नाहीं एवढाच फरक, आणि न फिटलेली बाकी पुढल्या खतांत जाते. याला उधळपट्टी म्हणतां येणार नाहीं. उत्पन्नाची वेळ आणि खर्चाची वेळ यांच्यांतलें अंतर भरून काढण्याची ती किंमत आहे, आणि ज्याच्याजवळ शिल्लक नाहीं त्याला ती सर्वांत महाग पडते. लग्नाचीही गोष्ट अगदींच वेगळी नाहीं. सोयरिक म्हणजे अडल्या वेळीं बैल, बीं आणि मनुष्यबळ मिळण्याचें ठिकाण. तेथें हात फार आखडला तर पुढें हांक मारावयास तोंड राहत नाहीं. त्या खर्चाला मर्यादा हवीच. पण त्याकडे निव्वळ चैन म्हणून पाहणें हें अर्धसत्य होईल.

चौकशीच्या मागोमाग १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ आला. १८७९ च्या आरंभीं वासुदेव बळवंत फडके यांनीं रामोशांना जमवून बंड उभारलें, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा मंजूर झाला. पुणें, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. त्याचीं कलमें पाहिलीं म्हणजे दंग्यांतून राज्यकर्त्यांनीं काय बोध घेतला तें दिसतें. शेतकऱ्याला कर्जापायीं कैद करणें बंद झालें. विशेष लेखानें गहाण दिल्याशिवाय त्याची जमीन जप्त करतां येईना. अदालतीनें नुसतें खत न पाहतां त्याच्या पाठीमागें जावें, पहिल्या व्यवहारापासून हिशेब घ्यावा, मुद्दल व व्याज वेगळें मांडावें, चक्रवाढ धरूं नये आणि हप्ते बांधून द्यावे, असें ठरलें. दाव्याची मुदत साध्या खताला सहा व नोंदलेल्या खताला बारा वर्षें झाली, म्हणजे दर तीन वर्षांचें तें नवें खत टळलें. खत गांवच्या नोंदणी कामगारापुढें व्हावें, पैसे मिळाल्याची पावती द्यावी, ऋणकोस हिशेबाचा उतारा मिळावा, आणि दाव्याआधीं तडजोड घडवून आणणारा मध्यस्थ असावा, अशीही तजवीज झाली. सुप्यास लोक कागद जाळीत होते. कायद्यानें अदालतीला कागदापलीकडे पाहण्यास सांगितलें. जुन्या पंचायतीचें जें अंग टाकून दिलें होतें, तेंच इंग्रजी पेहरावांत परत आणलें गेलें, असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं.

हा कायदा रामबाण ठरला असें मात्र नाहीं. न्यायमूर्ति रानडे यांनीं या कायद्याखालीं न्यायाधीश म्हणून कित्येक वर्षें प्रत्यक्ष काम केलें. संरक्षण मिळालें तसें कर्ज मिळणें अवघड झालें, आणि ज्याला पैसा हवाच होता त्याच्याकडून सावकार गहाणखताऐवजीं सरळ खरेदीखत लिहून घेऊं लागला. फेडल्यावर जमीन परत करण्याचा करार तोंडीच राही. ही पळवाट बुजविण्यासाठीं पुढें कायद्यांत दुरुस्ती करावी लागली. ज्या घराला बियांसाठीं पैसे लागतातच, त्याला महाग कर्जापासून वांचविलें पण स्वस्त कर्ज दिलें नाहीं, तर तें घर आडवाटेनें महाग कर्जाकडेच जाणार. विल्यम वेडरबर्न यांना हें दिसत होतें. पुरंदर तालुक्यांत शेतकऱ्यांसाठीं पेढी काढावी, सरकारनें प्रथम जुनीं देणीं तडजोडीनें फेडून टाकावीं, आणि पुढें वाजवी व्याजानें कर्ज द्यावें, अशी योजना त्यांनीं रानडे प्रभृतींच्या साह्यानें १८८२ च्या सुमारास पुढें मांडली. हिंदुस्थान सरकार अनुकूल झालें. विलायतेंत भारतमंत्र्यांनीं ती नामंजूर केली. सहकारी पतपेढ्यांचा कायदा होण्यास त्यानंतर १९०४ साल उजाडावें लागलें.

पुढच्या इतिहासानें हाच धडा पुन्हा गिरवून घेतला. १९२९ नंतरच्या जागतिक मंदींत शेतमालाचे भाव कोसळले. कर्जाचा आंकडा तोच राहिला, पण तो फेडण्यास पूर्वींच्या जवळ जवळ दुप्पट धान्य लागूं लागलें. तेव्हां मुंबई सरकारनें १९३९ सालीं कर्जनिवारणाचा नवा कायदा केला, आणि १९४६ च्या सावकारी कायद्यानें परवाने, हिशेब व दामदुपटीची मर्यादा हीं सर्व सावकारांना लागू केलीं. तरीही रिझर्व्ह बँकेनें १९५१-५२ सालीं देशभर ग्रामीण कर्जाची पाहणी केली, तेव्हां शेतकऱ्याच्या कर्जापैकीं सहकारी संस्थांनीं पुरविलेला भाग शेंकडा तीनच्या आसपास निघाला. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमनाच्या कायद्यांतही कर्जापायीं बळकावलेल्या जमिनीची चौकशी करून ती परत देववण्याची तरतूद करावी लागली. खरेदीखताच्या पाठीमागें जाऊन पाहण्याची गरज सव्वाशें वर्षांनंतरही संपलेली नव्हती, एवढें यावरून सिद्ध होतें.

या सर्वांतून आजच्या वाचकानें काय घ्यावें? काटकसर व्यर्थ आहे, असा अर्थ कोणी काढूं नये. मंदीच्या दिवसांत जें घर आपला खर्च लिहून ठेवतें, देण्याच्या तारखा आपल्या उत्पन्नाच्या तारखांशीं जुळवून घेतें, प्रत्येक फेडीची पावती मागतें आणि जुनें देणें फेडण्यासाठीं व्याजावर व्याज चढविणारें नवें देणें काढीत नाहीं, तें घर दुसऱ्याहून अधिक काळ तग धरतें. पण या चारही गोष्टी कुणब्याच्या हातीं नव्हत्या, हें ध्यानांत ठेवलें पाहिजे. तारीख सरकारनें ठरविली, हिशेब सावकाराच्या वहींत होता, पावती मिळत नव्हती, आणि नवें खत तीन वर्षांच्या कायद्यानें त्याच्या गळ्यांत घातलें. १८७९ च्या कायद्यानें नेमक्या याच गोष्टींना हात घातला, म्हणून जेवढा उपयोग झाला तेवढा झाला. उपदेशानें तो झाला नसता.

आज तगाद्याला येणारा मनुष्य दारांत धरणें धरून बसेलच असें नाहीं. तो दूरध्वनीच्या यंत्रांतून बोलतो, आणि अंगठ्याची निशाणीही तेथेंच घेतली जाते. अटी वाचल्यावांचून मान्य करणारें आजचें कुटुंब साक्षर असलें, तरी कागदापुढें तें सुप्याच्या कुणब्याइतकेंच असहाय असूं शकतें. अशा घराची कथा कानांवर आली म्हणजे कोणता सण केला होता, हा प्रश्न आपल्या जिभेवर प्रथम येतो. त्याऐवजीं मूळ मुद्दल किती होतें, व्याज कोठें थांबणार आहे, हप्त्याची तारीख पगाराच्या कीं सुगीच्या आधीं पडते, आणि हिशेब कोणाच्या हातांत आहे, हे चार प्रश्न आधीं विचारावे. चौकशी मंडळाला त्यांचीं उत्तरें मिळविण्यास दंगा व्हावा लागला. आपल्याला तेवढी वाट पाहण्याचें कारण नाहीं.